मोड, मूस आणि रुपया : चांदीच्या दागिन्यांचे अर्थकारण (१८३५-१९४०)

प्रस्तावना
एकोणिसाव्या शतकात चांदीचा दागिना हा स्त्रीचा अलंकार होता, तसाच तो शेतकरी कुटुंबाचा संकटकाळातील आधारही होता. देशात चांदीचे उत्पादन अत्यल्प असल्याने सोनाराकडे कच्चा माल तीन मार्गांनी येई : आयात चांदी, चलनी रुपये आणि जुन्या दागिन्यांची मोड. यांपैकी रुपया व मोड यांच्या परस्परसंबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाण्यापासून दागिना
१८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ठरले आणि त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी असे. त्यामुळे रुपये मोजून दिले की चांदीचे वजन आपोआप ठरे. सोनार रुपये किंवा मोड मुशीत घालून, टाकणखार टाकून कोळशाच्या शेगडीवर वितळवी. रस ओतून कांब पाडली जाई. ती ऐरणीवर ठोकून पत्रा होई, जंत्रीतून ओढून तार निघे. डाक देऊन सांधे जोडले जात व शेवटी दागिना चिंचेच्या पाण्यात उजळला जाई. जडावाच्या दागिन्याची मोड करताना खडे व लाख वजनातून वजा होत. म्हणूनच बचतीच्या दृष्टीने वाळे, तोडे, गोठ असे भरीव दागिने अधिक सोयीचे ठरत.

दागिन्यापासून नाणे
हा प्रवास उलट दिशेनेही होई. टांकसाळीत कोणाचीही चांदी सुमारे दोन टक्के आकार घेऊन रुपयांत पाडून मिळे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधील दागिने सराफांमार्फत मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत पोहोचले. मध्यस्थांनी कितीही कसर काढली, तरी मोडीच्या भावाला टांकसाळीचा आधार होता.

हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद झाल्या. पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला. चांदी मात्र उतरत गेली. १८९९ च्या सुमारास रुपयातील चांदीचे मोल सुमारे दहा आणेच उरले. रुपयाच्या कसाच्या १०० तोळे मोडीचे पूर्वी टांकसाळीत सुमारे ९८ रुपये होत. आता बाजारभावाने ६५ रुपयांच्या आसपास किंमत येई. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्यांनी दागिने मोडले, त्यांच्या पदरी ही घट आली. सरकारी देणे मात्र रुपयांतच भरावे लागे.

समारोप
१८९३ नंतर रुपया वितळविणे तोट्याचे झाले. पहिल्या महायुद्धात चांदी महागताच ते पुन्हा फायद्याचे ठरू लागले, तेव्हा १९१७ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि नव्या रुपयाचे मुशीतील महत्त्व ओसरले. चलनधोरणाचा इतिहास प्रामुख्याने हुंडणावळ व सरकारी खर्चाच्या अंगाने लिहिला गेला आहे. त्याचा भार खेड्यातील घराने कसा सोसला, हे समजण्यासाठी सोनाराच्या मुशीत काय पडत होते, याचाही अभ्यास आवश्यक ठरतो.