मोर्णेचा कांठ आणि शाळेंतलीं मुलें

अकोल्याहून वाशिमकडे निघालेला प्रवासी सुमारें वीस मैलांचें सपाट काळें रान मागें टाकतो, आणि मग समोर डोंगराची निळी रेघ उभी राहते. त्या रेघेच्या पायथ्याशीं पातूर आहे. अकोल्याच्या मुलखांत पातूर नंदापूर म्हणून दुसरें गांव असल्यामुळें जुन्या कागदोपत्रीं याला पातूर शेखबाबू म्हणत. शेखबाबूंचा दर्गा येथें आहे. वऱ्हाडाचे पूर्वीं दोन भाग मानीत, खालचा पायनघाट आणि वरचा बालाघाट. पातूर हें या दोहोंच्या उंबरठ्यावरचें गांव. येथील टेकडीच्या कातळांत विहारांच्या धाटणीचीं लेणीं कोरलेलीं आहेत. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनीं हिंडूं नये, एके ठिकाणीं राहावें असा दंडक होता. म्हणजे अशा लेण्यांचें प्रयोजनच मुळीं पावसाशीं बांधलेलें.

याच डोंगरांकडून उतरणारी मोर्णा नदी उत्तरेस वाहत जाऊन अकोला शहर दुभागते आणि पुढें पूर्णेस मिळते. पातूरच्या बाजूस तिच्यावर धरण आहे. अकोल्यास तिच्या दोन्ही कांठांवर दाट वस्ती आहे. हवापाण्यावर संकट आलें असतां शाळेच्या वयाच्या मुलांना समाजानें कशासाठीं हांक मारली, याची वऱ्हाडांतील हकीकत या एका नदीच्या कांठानें पुष्कळशी सांगतां येते.

हकीकतीचा आरंभ कापसापासून करावा लागतो. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे व्यापाऱ्यांची नजर वळली. १८६७ पर्यंत आगगाडी नागपुरास पोहोंचली. ज्वारीच्या रानांत कापूस शिरला, चराईचीं रानें नांगराखालीं गेलीं, आणि डोंगरावरचें जंगल हळूहळू सरकारी राखीव झालें. युद्ध संपतांच भाव कोसळले, तरी कापूस गेला नाहीं. पैसा आला हें खोटें नव्हे. परंतु घरचें पेव ज्वारीनें भरलेलें असणें आणि हातांत रोकड असणें यांत अंतर काय, तें कळावयास १८९९ साल उजाडावें लागलें.

त्यापूर्वीं १८९६-९७ चा दुष्काळ होऊन गेला होता. त्यांतून लोक सांवरतात न सांवरतात तोंच १८९९ चा मोसमी पाऊस फसला. प्रशांत महासागराचें पाणी तापून हिंदुस्थानचा पाऊस हटण्याचा जो प्रकार आज एल निनो या नांवानें शाळेच्या पुस्तकांतही आढळतो, तो त्या वर्षीं घडला होता; मात्र तेव्हां तें कोणास ठाऊक नव्हतें. १९०४ सालीं हवामान खात्याच्या प्रमुखपदीं आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनीं येथील पाऊस आणि हजारों मैलांवरच्या समुद्रांवरील हवेचा दाब यांची सांगड पुढें घालून दाखविली. तें शोधकार्य मोलाचें खरें, पण दुष्काळांत मेलेल्यांस त्याचा उपयोग नव्हता.

दुष्काळी कामांसाठीं सरकारची संहिता तयार होती. तींत माणसांचे वर्ग पाडलेले असत. पुरुष, स्त्रिया, आणि मुलांचे पुन्हा दोन प्रकार: काम करणारीं व काम न करणारीं. प्रत्येक वर्गाला किती द्यावयाचें याचें माप ठरलेलें. रस्त्यासाठीं खडी फोडणें आणि ती वाहून नेणें हें अशा छावण्यांवरील नेहमींचें काम. ज्या वयांत मूल पाटीवर अक्षर गिरवतें त्या वयाचें पोर ‘कामकरी मूल’ या सदराखालीं हजेरीपटावर चढलें. कमी मजुरीचा एक हात, एवढीच त्याची ओळख. संहिता करणाऱ्यांना निर्दय म्हणण्याचें कारण नाहीं. छावणी नसती तर त्या हाताला तेंही मिळालें नसतें. पण पाऊस हटला आणि भूक मात्र ठराविक घरांतच कां शिरली, हा प्रश्न त्या हजेरीपटावर कोठेंच नव्हता. ज्याच्याकडे जमीन, सावकारी किंवा भरलेलें पेव होतें तो टिकला. कुणबी, मजूर आणि डोंगरालगतचे वनवासी यांच्यापैकीं ज्यांचा आधार रोजच्या कमाईवर होता ते रस्त्यावर आले. आगगाडीनें धान्य आलें, तसेंच तें गेलेंही. तें जात असे जेथें विकत घेणारा होता तिकडे. हवामान-न्याय हा शब्द फार पुढें प्रचारांत आला. त्याच्या पोटांतला प्रश्न वऱ्हाडानें तेव्हांच पाहिला होता.

यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं, शेजारच्या वर्ध्यास, मुलांच्या हातांचा विचार निराळ्या रीतीनें झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं तेथें शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रांताशीं एकाच प्रांतांत जोडलेलें होतें, तेव्हां ही गोष्ट परकी नव्हती. मुलानें तकलीवर सूत काढावें, आणि त्या सुताच्या अनुषंगानें गणित, भूगोल, कापसाचा व्यापार व त्याचा इतिहास शिकावा, अशी कल्पना. वऱ्हाडच्या मुलाला तर कापसाचा धागा ओढीत लँकेशायरपर्यंत आणि १८९९ पर्यंत जातां आलें असतें. श्रमांतून शाळेचा खर्च निघावा ही गांधीजींची अपेक्षा मात्र पुष्कळांना खटकली. शाळेचा कारखाना होईल असें टीकाकार म्हणाले. समितीनेंही आपल्या अहवालांत तो धोका नमूद करून ठेवला होता. मूल कामाला लावलें कीं शिकलें असें होत नाहीं, ही जाण त्या वादांतून पदरीं पडली. पुढें योजना मागें पडली, आणि दुर्दैवानें ती जाणही तिच्याबरोबर मागें पडली.

ज्यांनीं काम आणि शिकणें यांची गांठ खरोखर घातली ते गृहस्थ शाळेंत गेलेले नव्हते. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा गांवांत शिरतांच खराटा हातीं घेत, दिवसा गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनास उभे राहत. कीर्तनाची त्यांची तऱ्हा प्रश्नोत्तरांची. वऱ्हाडी बोलींत ते लोकांना विचारीत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरांतून पुढला प्रश्न निघे. सकाळीं काढलेला कचरा रात्रींच्या प्रश्नांत येई. नुसता खराटा किंवा नुसतें कीर्तन असें त्यांनीं केलें नाहीं. आणि त्यांचें नांव घेऊन पुढें जीं अभियानें निघालीं त्यांत खराटा पुष्कळ आला, प्रश्न तितके आले नाहींत.

स्वातंत्र्यानंतर शाळांत वृक्षारोपण, सफाई, श्रमदान हें सारें चालूं होतेंच. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एम. सी. मेहता यांच्या अर्जावर पर्यावरण हा विषय शिकविला जावा असा आदेश दिला, आणि २००३ सालीं तो सर्व राज्यांत अमलांत आणण्यास बजावलें. विषय आला, पुस्तक आलें, गुण आले. ‘प्रकल्प’ नांवाची वहीही आली. झाडें वांचवा असें लिहिलेली थर्मोकोलची पाटी शाळेच्या भिंतीला टांगलेली ज्यांनीं पाहिली आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

अशा पार्श्वभूमीवर १३ जानेवारी २०१८ चा दिवस उजाडला. मोर्णा अकोल्यांत जलकुंभीनें गच्च झांकून गेली होती. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचें फूल म्हणून ती बंगालमध्यें आली, आणि १९३६ सालीं बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल पाण्यांत ती सुमारें पंधरवड्यांत दुप्पट होते. तिला हवें असतें तुंबलेलें, कोमट, घाण पाणी. शहराच्या सांडपाण्यांतलें नत्र आणि स्फुरद हें तिचें खत. जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांच्या पुढाकारानें नदी स्वच्छ करण्याची मोहीम निघाली. सकाळीं आठ वाजतां, चार किलोमीटरच्या टप्प्यांत, दोन्ही कांठांवरील चौदा ठिकाणीं लोक उतरले. सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभरांवर संस्था होत्या. महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि लहान मुलेंही होतीं. २० जानेवारीसही काम झालें, आणि नदी मोकळी होईपर्यंत दर शनिवारीं सकाळीं जमावें असें ठरलें. २८ जानेवारीस पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणांत या मोहिमेचें वर्णन केलें, आणि मोर्णेचें नांव देशभर ऐकूं गेलें.

त्या सकाळचें मोल कमी लेखूं नये. ज्या नदीकडे पाठ करून शहरानें घरें बांधलीं, तिच्या चिखलांत मुलें उतरलीं, आणि आपल्या गांवांतून नदी वाहते हें कित्येकांना त्या दिवशीं प्रथमच जाणवलें असेल. १८९९ च्या मुलांचे हात सक्तीनें आले होते, यांचे खुशीनें आले. एवढा फरक शंभर वर्षांत पडला हें थोडें नव्हे.

तथापि पुढल्या वर्षांत जलकुंभी परत आली, आणि तिनें यावें यांत नवल नव्हतें. वरचें पाणी धरणांत अडलेलें; पावसाळा सरल्यावर शहरांतून वाहणाऱ्या मोर्णेंत मुख्यतः शहराचेंच सांडपाणी उरतें. नाल्यांचीं तोंडें उघडीं राहिलीं तोंवर मुलांनीं कितीही शनिवार दिले असते तरी वनस्पतीला खत मिळतच राहणार होतें. नाले किती, त्यांतलें पाणी कोणत्या वस्तींतून येतें, तें शुद्ध करण्याचें काम कोणाचें, त्यासाठीं पैसा किती मंजूर झाला, हे प्रश्न आठवीच्या मुलाला कळण्यासारखे आहेत, आणि त्यांची उत्तरें जलकुंभी ओढण्याहून नदीच्या अधिक कामाचीं आहेत. जुलै २०२१ मध्यें एका रात्रींत कोसळलेल्या पावसानें मोर्णा फुगली आणि अकोल्यांत कांठालगतच्या घरांत पाणी शिरलें. पाणी आधीं ज्या घरांत शिरतें तीं घरें कोणाचीं असतात, हें नदीकांठच्या शाळेंतील कोणतेंही मूल सांगेल.

पातूरच्या बाजूस हाच प्रश्न निराळ्या रूपानें येतो. तेथें पूर ओसरतो, पण ऊन राहतें. २६ मे २०२० रोजीं अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर गेला होता. पत्र्याखालचा वर्ग आणि कडुनिंबाची सावली यांत किती अंशांचा फरक पडतो, हें पाहावयास दोन तापमापक पुरतात. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक, गांवच्या एका विहिरीची दिवाळीला आणि अक्षय तृतीयेला मोजलेली पातळी, ऐन वेचणीच्या हंगामांत वर्गांतून कोणत्या घरचीं मुलें गैरहजर राहतात याची नोंद, एवढ्या सामुग्रीवर पातूरसारख्या गांवांतली शाळा आपल्या गांवचें हवामान लिहूं शकते. शेवटची नोंद हवामानाची कशी, असें कोणी म्हणेल. पाऊस लांबला कीं वेचणी लांबते, वेचणी लांबली कीं कोणाची शाळा बुडते तें त्या नोंदींत दिसतें. म्हणून ती हवामानाचीच. देशाच्या पातळीवरही हिशेब असाच निघतो. हिंदुस्थानांत दर माणशीं वर्षाकाठीं सुमारें २ टन कर्बवायु हवेंत जातो, अमेरिकेंत सुमारें १४. आणि हिंदुस्थानांतल्या त्या सरासरींतही कापूस वेचणाऱ्या घराचा वांटा नांवापुरताच.

मुलांनीं हा हिशेब मोठ्यांपुढें मांडण्याचे प्रसंग जगांत अलीकडे घडले आहेत. ऑगस्ट २०१८ मध्यें स्वीडनमधील पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग संसदेबाहेर बसली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडे हिनें त्याआधींच, २०१७ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं राष्ट्रीय हरित लवादाकडे सरकारविरुद्ध अर्ज केला होता. तो २०१९ च्या जानेवारींत निकालांत निघाला. त्याच वर्षीं २३ सप्टेंबरला तिच्यासह सोळा मुलांनीं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीपुढें पांच देशांविरुद्ध तक्रार नेली. २०२१ सालीं समितीनें त्यांस सांगितलें कीं आधीं त्या त्या देशाच्या न्यायालयांत जा. अर्ज गेले, परत आले. २१ मार्च २०२४ रोजीं दिलेल्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें मात्र हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या जीवित व समतेच्या हक्कांत अंतर्भूत असल्याचें मान्य केलें. तो खटला मुलांचा नव्हता, माळढोकाचा होता. पक्ष्यासाठीं लढतां लढतां माणसाचा हक्क पदरीं पडला.

त्यानंतर दोनच महिन्यांनीं, मे २०२४ च्या अखेरीस, उन्हाच्या लाटेमुळें अकोला जिल्ह्यांत फौजदारी संहितेच्या १४४ व्या कलमान्वयें हुकूम निघाला. कामगारांना मालकांनीं पिण्याचें पाणी आणि सांवली पुरवावी, आणि खाजगी शिकवण्यांनीं भर उन्हाच्या वेळीं वर्ग घेऊं नयेत, असें त्यांत होतें. दंग्यासाठीं ठेवलेलें कलम उन्हासाठीं वापरावें लागलें. हुकुमाची मुदत ३१ मे रोजीं संपली. विदर्भांतील शाळा ऊन टळावें म्हणून राज्यांतील इतर भागांच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्या वर्षींही त्या तशाच मागून उघडल्या. तोंवर पातूरच्या घाटावर पहिला पाऊस होऊन कापसाची सरकी टोबण्यास सुरुवात झालेली असते, आणि वरच्या वर्गांतलीं कांहीं मुलें त्या कामावर असतात.