अंगावरचं दूध संशोधनासाठी द्यायचं म्हणजे नेमकं काय?

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात विचारलं, "ताई, थोडं दूध संशोधनासाठी द्याल का?" तर घरातून पहिला प्रश्न येईल, "मग बाळाला पुरेल का?" प्रश्न रास्त आहे. पण दूध दान दोन प्रकारचं असतं आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

पेढीला दिलेलं दूध

हे दूध दुसऱ्या बाळाच्या पोटात जातं. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दात्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी अशा आजारांसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात आणि उणे २० अंशांना गोठवून ठेवतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला वरच्या दुधापेक्षा हे दूध बरं, कारण त्याने आतड्यांच्या एका जीवघेण्या आजाराचा धोका कमी होतो. अर्थात स्वतःच्या आईचं दूध मिळत असेल तर पहिला मान त्याचाच.

संशोधनासाठी दिलेलं दूध

हे दूध कुठलंच बाळ पीत नाही, ते प्रयोगशाळेत जातं. लागतंही थोडंच, बहुतेक वेळा एखाद-दोन चमचे. दूध कधी आणि कसं काढलं याची मात्र नीट नोंद ठेवतात. कारण पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ दिसतं आणि शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. म्हणून काही अभ्यासांत एका बाजूचं सगळं दूध काढून हलकं ढवळतात, त्यातला नमुना घेतात आणि उरलेलं त्याच बाळाला पाजतात.

('दूध पातळ आहे, बाळाचं पोट भरत नाही' असं म्हणून वरचं दूध सुरू करणाऱ्या घरांनी ही पातळपणाची गोष्ट लक्षात ठेवायला हवी.)

यातून कळतं काय?

आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या असतात कशाला? त्या बाळाच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य आहेत. हे कळलं ते दुधाचे नमुने तपासूनच.

दुसरी गोष्ट आपल्या ताटाशी जोडलेली आहे. आई अशक्त असली तरी तिच्या दुधातली प्रथिनं आणि साखर फारशी कमी होत नाही. लोह आणि कॅल्शियमही आईच्या रोजच्या जेवणावर फारसं अवलंबून नसतं. बी-१२ जीवनसत्त्वाचं तसं नाही. ते आईत कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. बंगळुरूमधल्या एका अभ्यासात गरोदरपणापासून रोज बी-१२ घेतलेल्या मातांच्या दुधात ते जास्त आढळलं. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दूध-अंडी-मांस कमी खाणाऱ्या घरांसाठी ही माहिती थेट कामाची आहे.

अडचण अशी की, ज्यांच्याबद्दल हे कळणं सर्वात गरजेचं, त्याच माता अभ्यासातून सहज सुटतात. मंठा, परतूर भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली बाळंतीण पुढच्या महिन्यात नमुना द्यायला येणार कशी?

'हो' म्हणण्याआधी

पेढीसाठी दिलेली संमती संशोधनाला चालत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती आईला समजेल अशा भाषेत द्यायला हवी आणि अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी हवी. नाही म्हटलं किंवा मधेच माघार घेतली, तरी आईच्या किंवा बाळाच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. नमुना किती वर्षं ठेवणार, नाव गुप्त राहणार का, तपासणीत आजार निघाला तर कोण सांगणार, हे आधीच विचारावं. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने 'हो' म्हटलं म्हणजे आईची संमती झाली असं नाही.

आणि पैशाचं? आईच्या दुधाच्या विक्रीला भारतात परवानगी नाही, हे एफएसएसएआयने मे २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे फेसबुक-व्हॉट्सॲपवर कुणी दूध विकत मागत असेल तर ते ना पेढीचं काम, ना संशोधनाचं. ओळखीतल्या बाळाला न तपासलेलं दूध देणंही धोक्याचं आहे, कारण काही संसर्ग दुधातून पसरतात.

जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. दूध द्यायची इच्छा असेल तर नवजात शिशू कक्षातल्या डॉक्टरांकडे किंवा परिचारिकेकडे चौकशी करता येते. गावात आशाताईंना विचारलं तरी चालेल.