प्रतीक्षाधीन गठ्ठा

मराठवाड्याच्या कन्नड तालुक्यातील पिशोर हे गाव 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, आणि त्या राज्याच्या कचेऱ्यांतून 1884 पर्यंत फारसी व पुढे उर्दू चालत असल्यामुळे, ज्या कुणब्याला या दोन्ही भाषा परक्या होत्या त्याच्याही अर्जाचे भवितव्य मिसल (प्रकरणाचे कागद), पेशी (साहेबांपुढे मांडणी), तामील (अंमलबजावणी) आणि दाखल दफ्तर (दप्तरी जमा) या चार शब्दांत सामावलेले असे. मिसलीला पेशीची तारीख पडे. त्या तारखेस पेशकाराने कागद साहेबांपुढे ठेवावा, हुकूम झाला की त्याची तामील व्हावी आणि मगच मिसल दाखल दफ्तर व्हावी, असा शिरस्ता होता. दिरंगाई त्या काळीही होतच असेल. परंतु कामाला तारीख असलीच पाहिजे, हा विवेक त्या शब्दांतच होता.

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तिकडची कागद सहा गठ्ठ्यांत ठेवण्याची पद्धत पुढे येथील कचेऱ्यांतही रुजली. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नाशास योग्य झालेले कागद, असे ते सहा गठ्ठे. यांतील प्रतीक्षाधीन गठ्ठ्याची योजना मला फार शहाणपणाची वाटते. वारसाच्या फेरफाराची नोटीस लागली की हरकतींसाठी पंधरा दिवस थांबणे भाग असते. त्या अवधीत ते काम झाले असे म्हणता येत नाही आणि कारकुनाकडे तुंबले असेही म्हणता येत नाही. अशा कागदावर पुढची तारीख घालून तो निराळा बांधावयाचा आणि त्या दिवशी पुन्हा हाती घ्यावयाचा.

आज मोबाईलवर कामांची यादी ठेवणारी साधी ॲपे पुष्कळ आहेत. काम लिहावे, झाले की खूण करावी, एवढाच त्यांचा व्यवहार. किराणा, वीजबिल, मुलांची फी यांस तो पुरेसा आहे, आणि त्यांची सुटसुटीत मांडणी खरोखरच सुखाची आहे. परंतु पिशोरच्या शेतकऱ्याची कितीतरी कामे तलाठी, सोसायटी, बँक यांच्या हाती अडकलेली असतात, आणि ‘करावयाचे’ व ‘झाले’ या दोनच खणांत ती बसत नाहीत. म्हणून ॲप निवडताना त्याचे रंगरूप पाहण्याआधी, दुसऱ्याकडे गेलेले काम त्यात तारखेनिशी निराळे ठेवता येते काय, हे पाहावे. ती सोय नसेल, तर तारखा घातलेली साधी वहीच घ्यावी.