विलायतेची ओळख

विलायत हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो आला कुठून, याचा विचार कुणी करत नाही. शब्द मूळचा अरबी. फारसीच्या दरबारी वाटेनं तो हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याचा अर्थ होता प्रांत, मुलूख. मोगलाईत इराण-तुराणाकडून आलेल्या माणसाला विलायतेहून आलेला म्हणत. पुढे राज्य गोऱ्यांचं झालं आणि विलायत म्हणजे इंग्लंड, एवढाच अर्थ उरला. तरी जुनी सवय पुरती सुटली नाही. विलायती चिंचेचंच बघा. शाळेच्या फाटकाबाहेर हातगाडीवर मिळणारी ही चिंच मुळात मेक्सिकोकडची. तिनं इंग्लंड कधी पाहिलं नाही, तरी ती विलायतीच.

गंमत अशी की हाच शब्द गोऱ्या शिपायांनी उचलला. ‘विलायती’चं त्यांच्या तोंडी ‘ब्लायटी’ झालं आणि १९१४ च्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात बसलेला इंग्रज शिपाई आपल्या मायदेशाला ब्लायटी म्हणू लागला. आपल्याकडे जो शब्द लांबच्या मुलखासाठी होता, तो त्यांच्याकडे घराच्या आठवणीसाठी वापरला गेला.

हा लांबचा मुलूख इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना कसा दाखवला गेला आणि कसा दाखवायला हवा होता, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

शाळा आणि क्रमिक पुस्तकं येण्याआधी आपल्या लोकांना इंग्लंड कळलं ते गरजेपोटी. १७८१ च्या सुमारास राघोबादादांनी आपली बाजू मांडायला हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील लंडनला पाठवला. सोबत दोन पारशी होते. सोवळं सांभाळायचं तर त्या थंड, परक्या मुलखात चूल कुठे मांडायची? एडमंड बर्क या नामांकित संसदपटूनं आपल्या बागेतलं काचघर त्यांना वापरायला दिलं. थंडीत झाडं मरू नयेत म्हणून तिकडे काचेची घरं बांधतात. हणमंतरावांना इंग्लंडच्या हवामानाचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकानं दिला असता?

त्यानंतर साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गेले. १८५३ पर्यंत, जवळजवळ चौदा वर्षं, ते लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीचे आणि पार्लमेंटचे उंबरे झिजवत राहिले. न्याय मिळाला नाही. १८४८ साली सातारा खालसाच झालं. १८८३ साली पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन निघाल्या आणि ‘इंग्लंडचा प्रवास’ हे त्यांचं पत्ररूप पुस्तक त्याच वर्षी मुंबईत छापलं गेलं. या माणसांनी विलायत पाहिली ती स्वतःच्या डोळ्यांनी, आणि मनात स्वतःचे प्रश्न घेऊन.

शाळेत मात्र गोष्ट उलटी झाली. देश आधी पुस्तकात आला आणि प्रश्न विचारायची सोय नव्हती.

सुरुवात तशी चांगली होती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, त्यात एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी मजकूर असे. दोन भाषा शेजारी बसवायच्या, म्हणजे वाचणाऱ्याला एकीवरून दुसरीकडे जाता येईल, हा त्यातला विचार. बाळशास्त्र्यांच्या नावावर ‘इंग्लंड देशाची बखर’ही आहे. बखर हा आपल्या घरचा शब्द. इंग्लंडच्या राजांची हकीकत सांगतानाही त्यांनी घाट आपला ठेवला. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं हाच रस्ता धरला. मराठी वाक्याचा हात धरून इंग्रजी वाक्याकडे जायचं.

पण सरकारी आणि मिशनच्या शाळांमधून जी इंग्रजी पुस्तकं चालली, ती पुष्कळदा तिकडच्या मुलांसाठी लिहिलेली किंवा त्यांच्याच धर्तीवर बेतलेली. त्यात बर्फ होता, शेकोटीजवळची खुर्ची होती, कुरणं आणि मेंढ्या होत्या. गणितात पौंड, शिलिंग, पेन्स होते. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. ज्या मुलाच्या खिशात आणासुद्धा नाही, त्यानं हा हिशेब पाठ करायचा. या बाबतीत शेवटी आपणच पुढे गेलो. आपण १९५७ साली दशमान नाणी आणली, त्यांना ते १९७१ साली जमलं.

देशाचं नावसुद्धा नीट सांगितलं गेलं नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन होतं. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंग्डम. आपण मात्र सगळ्यांना इंग्रज म्हणून मोकळे झालो. ज्यांच्या नावानं विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन स्कॉटलंडचे. जोतीराव फुले पुण्यात ज्या मिशनच्या शाळेत शिकले, ती स्कॉटिश मिशनची. आपल्याला मऱ्हाटी माणसाला कुणी गुजराती म्हटलेलं चालत नाही, मग स्कॉच माणसाला इंग्रज म्हटलेलं का चालावं?

आता ‘डॅफोडिल्स’ची गोष्ट घ्या. वर्ड्‌स्वर्थची ही कविता मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली. कवीचा नातू, नाव तेच, विल्यम वर्ड्‌स्वर्थ, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राचार्य होता. म्हणजे कवीचं घराणं मुंबईपर्यंत आलं, पण ते फूल आलं नाही. मास्तर सांगायचे, पिवळं फूल असतं. मुलं मनात झेंडू धरायची आणि पुढे जायची. झेंडूच्या शेतात आनंद होतो हे खरं, पण या फुलाचा आनंद वेगळा आहे. लंडन विषुववृत्तापासून साडेएक्कावन्न अंशांवर, आपलं सोलापूर साडेसतरा-अठरावर. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही नसतो. महिनोन्‌महिने अंधार, चिखल, उघडी झाडं, आणि मग थंडी सरता सरता जमिनीतून पिवळा रंग वर येतो. हे सांगितलं की कविता उघडते. न सांगता पाठ करून घेतली, तर मुलाला वाटतं, साहेब उगाच फुलं बघून एवढा हरखतो.

अक्षांशांचा हा हिशेब जूनमध्ये उलटा होतो. तेव्हा तिथला दिवस साडेसोळा तासांचा असतो. २०१५ साली रमजानचे बहुतेक रोजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत आले, तेव्हा विलायतेत राहणाऱ्या आपल्या कोकणी मुसलमान कुटुंबांना पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अठरा तासांच्या वर उपास करावा लागला. पृथ्वीचा अक्ष कललेला असतो, हे त्या घरातल्या मुलांना वेगळं शिकवावं लागलं नसेल.

भाषा हवेत वाढते. तिच्या म्हणी, वाक्प्रचार, तिची माया, तिचा राग, सगळ्याला त्या हवेचा वास असतो. इंग्रज माणूस मनापासून स्वागत करतो तेव्हा त्याला ऊबदार स्वागत म्हणतो आणि ज्याला माया नाही त्याला थंड म्हणतो. थंडीत कुडकुडणाऱ्यांची भाषा आहे ती. आपलं बघा. लेकरू परत आलं की आईचे डोळे निवतात, जीव गार होतो, पोटात थंडावा पडतो. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर नेणाऱ्या मुलखात सुख म्हणजे गारवा. तिकडचा कवी प्रेयसीची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करायची का, असं विचारतो. आमच्या सोलापुरात कुणी असं म्हणून बघावं! घरात दोन दिवस अबोला होईल.

पावसाचंही तसंच. इंग्रजी सांगते, पावसाळी दिवसासाठी चार पैसे बाजूला ठेव. पावसाचा दिवस म्हणजे अडचणीचा दिवस. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसाला हे वाक्य कसं समजावं? त्याची अडचण होती ती पाऊस न आल्याची. पण इथे नकाशा आणखी एक गोष्ट सांगतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. ज्या लंडनच्या पावसाची एवढी ख्याती, तिथे पडतो सहाशेच्या आसपास. फरक फार नाही. पण तिकडे तो बारा महिने भुरभुरतो आणि ऊन कोवळं असल्यानं जमिनीत मुरून राहतो. आपल्याकडे चार महिन्यांतल्या थोड्या दिवसांत कोसळतो आणि बाकीचे महिने ऊन त्याची वाफ करतं. म्हणून तिकडे कुरणं हिरवी राहतात आणि इकडे ज्वारी ओल धरून कशीबशी उभी राहते.

हे कुणी समजावून सांगितलं नाही, त्याची किंमत मुलांनी मोजली. ‘इंग्रजीत गेला’ हे वाक्य आपल्या गल्लीगल्लीत ऐकू येत असे. पोरगं गणितात चांगलं, हातात कसब, तरी मॅट्रिकच्या उंबऱ्यावर अडखळलं आणि जन्मभर स्वतःला मठ्ठ समजत राहिलं. त्यातल्या कितीतरी मुलांच्या बुद्धीत खोट नव्हती. ज्या देशाची हवा त्या भाषेत भरली होती, तो देश त्यांना कुणी दाखवलेला नव्हता.

वाईट याचं वाटतं, की दाखवायला दूर जायची गरज नव्हती. निदान सोलापुरात तरी नाही. इथे जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. गिरण्यांमध्ये वाफ तयार करणाऱ्या बॉयलरचं नावच लँकेशायर बॉयलर. मँचेस्टर हे गाव आमच्या विणकरांना ठाऊक होतं, कारण तिथल्या कापडानं इथले माग बंद पाडले होते. मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, घरात कोणतीही भाषा असो, मँचेस्टर हा शब्द सगळ्यांचा होता. भूगोलाच्या तासाला दमट हवेमुळे लँकेशायरमध्ये सूत तुटत नाही, हे सांगितलं जाई. पण इंग्रजीच्या तासाला तो कामगारांचा, धुराचा, भोंग्याचा देश फारसा आत येत नसे. तिथे राजा, राणी आणि फुलं.

आमचा टर्किश टॉवेल घ्या. सोलापूरचा टॉवेल आणि चादर देशभर जाते. या टॉवेलला टर्किश का म्हणतात? एकोणिसाव्या शतकात हेन्री ख्रिस्ती हा इंग्रज तुर्कस्तानात बुर्सा इथे गेला, तिथे त्यानं फासे असलेलं हातविणीचं कापड पाहिलं आणि नमुना घरी आणला. मँचेस्टरजवळच्या त्यांच्या कारखान्यात ते कापड यंत्रावर विणायची युक्ती निघाली आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. तुर्कांची वीण, इंग्रजांचं यंत्र आणि शेवटी सोलापूरचा हात. एका टॉवेलमध्ये एवढा भूगोल आहे.

त्या दुसऱ्या ब्रिटनची आपल्या माणसांशी समोरासमोर भेटही झाली. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरमध्ये डार्विन या गिरणगावी राहिले. आपल्या बहिष्काराची झळ लागलेले बेकार कामगार तिथे होते. त्यांनी गांधीजींचं प्रेमानं स्वागत केलं. फाशी देणारं सरकार ब्रिटनचं होतं आणि हे कामगारही ब्रिटनचेच होते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ही दोन्ही ब्रिटनं कळायला हवीत. एकच कळलं तर तो एकतर लाचार होईल किंवा नुसता रागावलेला राहील.

परक्या मुलखाची नीट ओळख झाली की काय होतं, याचं उदाहरण केशवसुतांनी घालून दिलं. चौदा ओळींचं सॉनेट इटलीत जन्मलं, इंग्लंडमार्गे आपल्याकडे आलं. १८९२ साली केशवसुतांनी मराठीतलं पहिलं सुनीत लिहिलं, ते ‘मयूरासन आणि ताजमहाल’. साचा विलायतेचा, विषय आग्ऱ्याचा, भाषा मराठी. कवितेच्या धंद्यातल्या माणसाला यात फार धीर मिळतो.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षं मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होती, मग पाचवीपासून झाली, आणि २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून आहे. पुस्तकंही बदलली. आता धड्यात आपली गावं, आपले सण, आपली नावं दिसतात. हे योग्यच झालं, मुलानं भाषेची सुरुवात घरापासून करावी. पण कुरणं गेली तरी वाक्प्रचार राहिलेच आहेत. ऊबदार स्वागत आहे, पावसाळी दिवस आहे. मोबाइलवर बर्फ कुणालाही दिसतो, पण बर्फ पडणाऱ्या गावात माणूस ‘थंड’ हा शब्द कशासाठी वापरतो, हे चित्र सांगत नाही. ते मास्तरांनी किंवा बाईंनीच सांगायला हवं.

आणि आजचा देश सांगायला हवा. २००१ साली त्यांचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचं म्हटलं होतं. २०१६ साली लंडनकरांनी पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाच्या मुलाला, सादिक खान यांना, महापौर निवडलं. राणी आणि डॅफोडिल्स यांच्या शेजारी हेही बसलं पाहिजे.

त्यासाठी खर्च काही नाही. इंग्रजीच्या तासाला जगाचा एक नकाशा भिंतीवर लावावा, लंडन आणि सोलापूर दोन्हींवर टिकली लावावी आणि घरचा एक टर्किश टॉवेल वर्गात न्यावा. नाव इंग्रजी का, तुर्की का आणि तो विणला कुणी, एवढे तीन प्रश्न मुलांना विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला निम्मा वर्ग हात वर करील, कारण उत्तर त्यांच्याच घरात असेल. तिथून पुढचं इंग्रजी त्यांना परकं वाटणार नाही.