सोऱ्याच्या कुळातले औषध

एचआयव्हीबाधित बालकांवरील उपचारांचा इतिहास सांगताना झिडोव्हुडिनपासून डोल्युटेग्राविरपर्यंतची नामावळी देण्याची प्रथा आहे. परंतु लोपिनाविर-रिटोनाविर या जोडऔषधाच्या बारीक दाण्यांचे कूळ शोधू गेल्यास वाट थेट प्लॅस्टिकच्या कारखान्यात जाते.

लोपिनाविर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या त्याच्या पातळ औषधात सुमारे ४२ टक्के मद्यार्क घातलेला होता. ते कडूजहर तर होतेच, शिवाय त्याचा साठा शीतकपाटात ठेवावा लागे, आणि ज्या खेड्यांत वीजच नाही तेथे तो सांभाळणे दुरापास्त होते. मोठ्यांची गोळी कुटून द्यावी, तर मुलांच्या रक्तात उतरणारे औषध निम्म्याच्या जवळपास घटते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

दाण्यांनी ही अडचण सोडवली ती वितळ-निस्सारणाच्या जोरावर. औषधाची भुकटी आणि बहुवारिक, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा प्लॅस्टिकसदृश पदार्थ, एकत्र तापवून मळसूत्राच्या दाबाने छिद्रातून बाहेर काढले, की औषधाचे रेणू थिजलेल्या लगद्यात सुटे सुटे अडकून राहतात, त्यांचे पुन्हा स्फटिक बनत नाहीत आणि शीतकपाटाची गरज संपते. दिवाळीत सोऱ्याने शेव पाडणाऱ्या घरांना ही क्रिया निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

या दाण्यांना युगांडातील ‘चापास-२’ चाचणीत ‘स्प्रिंकल्स’ म्हणत, आणि तेवढ्यावरून त्यांचे मूळ टोरांटोच्या स्टॅनली झ्लॉटकिन यांनी त्याच नावाने रूढ केलेल्या, बाळाच्या अन्नावर भुरभुरायच्या लोहयुक्त भुकटीत शोधण्याचा मोह होतो. नाव तेथून उसने आले असणे अगदी संभवनीय आहे. देह मात्र दुसऱ्या घराण्यातला. १७९७ साली जोसेफ ब्रामा यांनी शिशाच्या नळ्या दाबून काढण्याचे एकस्व घेतले. पुढे याच रीतीने तारायंत्राच्या तारांवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन चढू लागले, आणि १८७० साली एडनहून मुंबईस जोडलेली समुद्रतार अशाच वेष्टनाची होती. मग प्लॅस्टिक आले, आणि त्यामागोमाग जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफ या रसायन कंपनीच्या परिवारात हे तंत्र औषधांकडे वळले. तो औषधविभाग २००१ साली अ‍ॅबटने विकत घेतला आणि २००५ साली शीतकपाटाविना टिकणारी गोळी बाजारात आली. मुंबईच्या सिप्लाने त्याच तंत्राने दाणे घडवले आणि २०१५ साली त्यांना अमेरिकी औषध प्रशासनाची तात्पुरती मान्यता मिळाली. ज्या शहरात गटापर्चाची तार उतरली, त्याच शहरातल्या कंपनीने हे दाणे करावेत, हा योगायोगच. पण कुळकथेला असे योगायोग वर्ज्य नसतात.

कडूपणा मात्र पुरता गेला नाही. कॅप्सूल उघडून दाणे मऊ पेजेवर भुरभुरायचे, पण ते कुटायचे नाहीत आणि मुलाने चावायचेही नाहीत. अन्यथा आतली चव जिभेवर उतरते आणि पुढचा चमचा मूल तोंडात घेत नाही.