घोडा ज्याचा, तो शिलेदार

निवडणुका जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांत शिलेदार दिसू लागतात. अमुक नेत्याचे शिलेदार मैदानात उतरले, तमुक पक्षाचे शिलेदार ठरले, जुना शिलेदार साथ सोडून गेला. बीड असो की परळी, गेवराई असो की आष्टी, अर्थ सगळीकडे एकच: नेत्याच्या शब्दाबाहेर न जाणारा भरवशाचा माणूस. या शब्दाचे कुळ शोधत गेले तर मात्र अर्थ जवळजवळ उलटा निघतो. दुसऱ्याच्या घोड्यावर न बसणारा स्वार, तो शिलेदार.

‘सिलाह’ म्हणजे अरबीत हत्यार. त्याला फारसी ‘दार’ जोडून सिलाहदार झाला, आणि मराठीच्या जिभेवर त्याचा शिलेदार. मराठी लष्करात शब्दाची व्याख्या पक्की होती. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचे, खोगीर-लगाम स्वतःचा. फक्त चाकरी दुसऱ्याची. त्याच्या जोडीला दुसरा शब्द उभा असे तो बारगीर. फारसीत बारगीर म्हणजे ओझे वाहणारे जनावर. मराठीत तो शब्द जनावरावरून स्वारावर आला, तोही ज्याचा घोडा सरकारी पागेतला किंवा दुसऱ्या मालकाचा आहे अशा स्वारावर. म्हणजे दोघांतला फरक शौर्याचा नव्हता, मालकीचा होता.

शिवाजी महाराजांच्या काळात भर बारगिरांच्या पागेवर होता. सभासदाच्या बखरीत तिची रचना आली आहे. 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. 25 घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. शिलेदार होतेच, पण त्यांनाही सरनोबताच्या हुकमात ठेवलेले होते. घोडा सरकारचा असला की स्वार कुणा देशमुखाचा किंवा सरदाराचा राहत नाही, राज्याचा होतो, हे या रचनेमागचे शहाणपण.

पेशवाईत तोल बदलला. हुजुरातीची, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेची पागा राहिली, पण फौजेचा मोठा भाग शिलेदारांचा झाला. मोहिमेला निघण्याआधी शिलेदाराला आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. नाल ठोकण्यापासून दाणावैरणीपर्यंत घोडा उभा करण्याचा खर्च त्यातून भागवायचा. काही शिलेदार दहा-वीस घोडी बाळगून त्यांवर आपले बारगीर बसवत. काही जण मात्र एकटेच, एका घोड्यानिशी चाकरीला येत. ते एकांडे.

या स्वातंत्र्याची किंमत जबर होती. घोडा हेच शिलेदाराचे भांडवल. तो लढाईत पडला की नुकसान बहुतेक वेळा त्याच्याच माथी येई, आणि घोड्याबरोबर रोजगारही जाई. मराठी घोडदळ समोरासमोरच्या धडकेपेक्षा वेगाने फिरणे, रसद तोडणे, मुलूख लुटणे यांत तरबेज का झाले, याचे एक कारण या हिशोबातही आहे. त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी घोडा कुणाच्या पैशाचा होता, हे आधी विचारावे.

बीड जिल्ह्याने हे घोडदळ ऐन भरात पाहिले. 1763 साली निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, तेव्हा पेशव्यांच्या फौजा निजामाच्या मुलखात घुसून तेच करत होत्या. शेवटी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनाला, गोदावरीच्या काठी गाठ पडली. एरवी दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचे आणि पावसाळ्यात घरी परतायचे, हा फौजांचा शिरस्ता. ही लढाई मात्र भर पावसाळ्यात, 10 ऑगस्टला झाली. निजाम नदी उतरून पलीकडे गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण तीरावर राहिला होता. राघोबादादा आणि तरुण माधवराव पेशव्यांनी तिथेच त्याला गाठले. दिवाण मारला गेला. याच मोहिमेत नागपूरचे जानोजी भोसले आधी निजामाच्या गोटात होते आणि लढाईपूर्वी पेशव्यांकडे वळले. ज्याची फौज स्वतःची, त्याची बाजूही त्याच्याच हातात. शिवाजी महाराजांनी पागेवर भर का दिला होता, ते यावरून कळते.

पेशवाई गेली तरी शिलेदारी संपली नाही. ती इंग्रजांनी उचलली. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते, आणि तिची एक छावणी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होती. या फौजेच्या खर्चापोटीच 1853 च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. शिलेदारी रिसाल्यात भरती होताना स्वाराने घोडा आणायचा किंवा त्यासाठी रक्कम भरायची. रिसाल्यातल्या त्याच्या जागेला ‘असामी’ म्हणत. मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घेण्यासाठी सगळे मिळून निधी साठवत. म्हणजे मराठी शिलेदाराचे जे एकट्याचे दुखणे होते, त्यावर इथे सामाईक तोड निघाली.

1903 मध्ये कंटिंजंट भारतीय लष्करात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातल्या काही रिसाल्यांना डेक्कन हॉर्स हे नाव मिळाले. त्यांतली विसावी डेक्कन हॉर्स 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत हाय वूडपाशी भाले सरसावून धावली. त्या पहिल्या महायुद्धानेच शिलेदारी मोडली. समुद्रापलीकडे वर्षानुवर्षे चाललेल्या युद्धात स्वाराने आपला घोडा आपण पुरवणे शक्यच नव्हते. 1921 मध्ये पद्धत बंद झाली. डेक्कन हॉर्स मात्र रणगाड्यांवर चढली आणि 1965 च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांपुढे उभी राहिली.

युरोपातल्या नाइटची कुळकथा याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत तो शब्द पोरगा, सेवक अशा अर्थाचा होता. पुढे तो जमिनीच्या मोबदल्यात घोड्यानिशी चाकरी करणाऱ्याचा झाला. ही चाकरी नको असेल तर पैसे भरून सुटताही येई. घोडा गेला, चिलखत गेले, तरी मान उरला. आज ब्रिटनमध्ये ‘सर’ म्हणवून घेणारा नट किंवा शास्त्रज्ञ नाइट असतो. सेवकाचा शब्द मानाला चढला. आपल्याकडे शिलेदार उलट्या वाटेने गेला. स्वतःच्या घोड्याचा मालक असलेला माणूस बातम्यांत कुणाचा तरी अनुयायी होऊन बसला. पद, तिकीट, गाडी, सारे नेत्याकडून मिळालेल्या कार्यकर्त्याला जुन्या हिशोबाने बारगीर म्हणावे लागेल. त्यात कमीपणा नाही. स्वराज्याची पागा बारगिरांनीच तोलली.

शब्दाचा मूळ अर्थ मात्र पुरता गेलेला नाही. एकट्याने कोश रचणारा, गावात एकटीच दारूबंदीसाठी उभी राहणारी, कुणाच्या पैशावर न चालता नियतकालिक चालवणारा, अशा माणसाला मराठी आजही ‘एकांडा शिलेदार’ म्हणते. तिथे अर्थ चोख आहे: साधन स्वतःचे, जोखीम स्वतःची, आणि निष्ठा आपखुशीने दिलेली. मराठवाड्याच्या कोरडवाहू मुलखात, जिथे पदरमोड केल्याखेरीज सार्वजनिक काम उभे राहत नाही, तिथे अशी माणसे आहेत. शिलेदार हा शब्द आधी त्यांचा आहे.