प्रार्थना गायची कोणी? यवतमाळ आणि मराठी उपासनागीत

यवतमाळ म्हटलं की आपल्याला कापूस आठवतो. आज आपण या गावाकडे चर्चमधल्या गाण्याच्या वाटेने जाऊ. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी इथे होती, नंतर ती पुण्याला गेली. पाळक होण्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी इथे येत. अशा ठिकाणी एक प्रश्न टाळता येत नाही: मंडळीने प्रार्थना गायची, ती कोणत्या रीतीने?

एक रीत पाश्चात्त्य. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या स्वरओळी गातात. ईशान्येतल्या मिझो मंडळ्यांत ही रीत अगदी घरची झाली आहे. पण तिला स्वरलेखन वाचता यावं लागतं आणि तालीम लागते. दुसरी रीत आपल्या भजनाची. चाल एकच, एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची.

मराठीत मिशनकाळातली बरीच गीते इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं होती. अडचण कुठे आली? मराठी पद्य लघु-गुरूवर चालतं. चालीचा जोर भलत्याच अक्षरावर पडला की शब्द ताणला जातो, अर्थ निसटतो. प्रार्थनेत अर्थच निसटला तर उरलं काय?

कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींची वाट धरली. मग आले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). ख्रिस्ती होण्यापूर्वी ते नागपुरात बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत होते, म्हणजे विदर्भ त्यांना परका नव्हता. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वारकऱ्यांचा अभंग त्यांनी ख्रिस्ताच्या प्रार्थनेसाठी वापरला, कीर्तनही केलं. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीते आजही आहेत.

यात बदल झाला तो नुसत्या चालीचा नव्हे. ज्या बाईला अक्षरओळख नाही, तीही दोनदा ऐकून प्रार्थना गाऊ लागली. तिच्या हातात पुस्तक नसलं तरी चालतं, टाळ पुरतो.

म्हणून चार आवाजांचं गायन टाकाऊ ठरतं का? नाही. नाताळात उत्तम तयारीचं क्वायर ऐकताना आपल्याही अंगावर काटा येतो. पण क्वायर गातं तेव्हा मंडळी बहुधा ऐकते. भजनात ऐकणारा वेगळा उरत नाही. उपासनेची गीते निवडताना आपण एवढंच विचारू: शेवटच्या बाकावरच्या माणसाला यात आपली प्रार्थना म्हणता येते का?